माहीत नसेल तेव्हा ‘क’

सोमवार, ६ जानेवारी १९५८

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. रजनीला तर नाहीच.

आजची बातमी मोठी आहे. मी कायम होणार. तीन वर्षं मी या मराठी शाळेचा प्रभारी हेडमास्तर आहे. प्रभारी हा शब्द चपलेत शिरलेल्या खड्यासारखा असतो. चालता येतं, पण प्रत्येक पावलाला टोचतो. लग्नाच्या पंगतीत कोणी ‘हे हेडमास्तर’ अशी ओळख करून दिली की दुसरा कोणी हमखास ‘प्रभारी’ म्हणून पुस्ती जोडतो. अशा माणसांना त्यात काय सुख मिळतं, कळत नाही.

तर आज भोपाळहून परिपत्रक आलं. परवापरवापर्यंत सगळे कागद नागपूरहून यायचे. आता राज्य नवं, चार ठिकाणचे तुकडे जोडून केलेलं. चार ठिकाणचे मास्तर, चार ठिकाणच्या सीनिऑरिटीच्या याद्या, आणि कोण कोणाच्या वर हे कोणालाच कळेना. म्हणून सगळ्या प्रभारींची एकच परीक्षा ठेवली आहे; असिस्टंटांनाही बसता येईल. खंडव्याला, २३ मार्चला. शंभर मार्क, पासाला चाळीस. पास होईल तो कायम हेडमास्तर. नापास होईल तो पुन्हा असिस्टंट, आणि जो पास झाला त्याच्या हाताखाली.

आमच्या शाळेतून दोघं. मी आणि सुधाकर. सुधाकर सहावी शिकवतो. तीस वर्षांचा आहे, पण इन्स्पेक्टरची सायकल दुरून दिसली तरी त्याला घाम फुटतो. नको नको म्हणत होता. गुरुजी, मले भेव लागते, म्हणाला. मीच त्याचा फॉर्म भरून घेतला. स्पर्धेत दुसरं कोणी नसलं तर पहिल्या नंबराला शोभा नाही.

संकल्प: रोज पहाटे चारला उठून अभ्यास.

मंगळवार, ७ जानेवारी

सव्वासातला उठलो. एवढ्या थंडीत पहाटे उठलं तर मेंदू आखडतो. उन्हं तापू लागली की सुरू करू.

बुधवार, ८ जानेवारी

परिपत्रक नीट वाचलं. परीक्षा ‘वस्तुनिष्ठ’ आहे. म्हणजे माझ्यासाठीच काढलेली दिसते. ट्रेनिंगला असताना वस्तुपाठात माझा हात धरणारा कोणी नव्हता. एक लिंबू हातात घेऊन मी पाऊण तास बोललो होतो. रंग, आकार, वास, बिया, उपयोग. परीक्षकांनी शेवटी ते लिंबू माझ्याकडून काढून घेतलं होतं.

तयारीला लागलो. टोपलीत जमवलेल्या वस्तू: लिंबू, कुलूप, कापसाचं बोंड, केळफूल, वीट, घंटा (शाळेची).

गुरुवार, ९ जानेवारी

घंटा घरी राहिली म्हणून आज शाळा सुटली हे कोणाला कळलं नाही. रजनीनं कोठीच्या खोलीचं कुलूप कुठे गेलं म्हणून घर डोक्यावर घेतलं.

रविवार, १२ जानेवारी

सुधाकर घरी आला. त्यानं टोपलीतली वीट उचलून पाहिली आणि परत ठेवली. मग अगदी हळू आवाजात सांगितलं की वस्तुनिष्ठ परीक्षेत वस्तू नसतात. एक प्रश्न, खाली चार उत्तरं छापलेली. त्यांतलं बरोबर असेल त्यावर खूण करायची. असे शंभर प्रश्न. लिहायचं काहीच नाही.

मला ते आधीच ठाऊक होतं. टोपली शाळेच्या उपयोगासाठी होती, असं त्याला सांगितलं.

खरं तर बरं झालं. लिहायचं काही नाही, म्हणजे अक्षराचे मार्क जाणार नाहीत. उत्तर तर त्यांनीच छापलेलं असणार. समोर ठेवलेल्या ताटातून जिलेबी उचलायची, एवढंच काम.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. अनंत तिळगूळ घ्यायला खंडव्याहून आला. अनंत म्हणजे रजनीचा धाकटा भाऊ. तिकडे शिक्षणखात्याच्या कचेरीत कारकून आहे. मेहुणा असला तरी माणूस उपयोगाचा आहे. त्यानं पेपर तपासण्याची रीत सांगितली. परीक्षक वगैरे कोणी वाचत नाही. एक जाड पुठ्ठा असतो, त्याला शंभर भोकं पाडलेली, प्रत्येक बरोबर उत्तराच्या जागी एक. तो पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकांतून जेवढ्या खुणा दिसतील तेवढे मार्क. कोणीही तपासू शकतं. अनंतसुद्धा.

हे ऐकल्यापासून डोकं थांबेना. पुठ्ठ्याला बरोबर उत्तरांपुरतीच भोकं आहेत. मग चुकीच्या खुणा पुठ्ठ्याखाली झाकल्या जाणार! तेव्हा प्रत्येक प्रश्नाच्या चारही उत्तरांवर खूण केली तर शंभरही भोकांतून खूण दिसणार. शंभरपैकी शंभर. एवढ्या मोठ्या राज्यात ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही याचं नवल वाटतं.

अनंतला सांगितलं नाही. सरकारी माणूस आहे.

बुधवार, १५ जानेवारी

राहवलं नाही. स्टेशनावर सोडायला गेलो तेव्हा अनंतला सहज म्हणून विचारलं. तो एवढा हसला की हमालानं वळून पाहिलं. म्हणाला, भाऊजी, पुठ्ठा ठेवायच्या आधी आम्ही पानावरून नजर फिरवून राह्यतो ना. जिथं दोन खुणा तिथं लाल रेघ, ते उत्तर चूक धरायचं.

हा विचार मी नैतिक कारणांसाठी सोडला आहे.

शनिवार, १ फेब्रुवारी

दुसरं परिपत्रक. चुकीच्या उत्तराला मार्क कापणार. एक चूक, तर मार्काचा तिसरा भाग वजा. कोरं सोडलं तर काही नाही, मिळतही नाही, कापतही नाही.

सुधाकरनं दोन्ही हात डोक्याला लावले. मी त्याला धीर दिला आणि हिशेब समजावून सांगितला. बरोबर आलं तर पुरा एक मार्क. चुकलं तर फक्त तिसरा भाग. म्हणजे मिळायचं ते तिप्पट आणि जायचं ते एकपट. असा सौदा कोणी सोडतो का? माहीत असो, नसो, ठोकत जायचं. एकही जागा कोरी ठेवायची नाही. कोरी जागा म्हणजे भित्रेपणा.

सुधाकरनं मान हलवली, पण त्याची मान नेहमीच हलते.

रविवार, २ फेब्रुवारी

रजनी डाळ निवडत बसली होती. तिला हिशेब सांगितला. हात न थांबवता म्हणाली की चार उत्तरांत बरोबर एकच ना? मग चार वेळा डोळे मिटून मारलं तर एक लागंल अन् तीन चुकतील. तीन तिसरे भाग म्हणजे एक. आला तेवढा गेला. हातात काय राह्यलं? माहीत नाही तं कायले लिहिता?

सांगितलं तिला की हा हिशेब सामान्य माणसाचा झाला. माझा अंदाज चारात एक लागत नाही, निदान दोन लागतात. बावीस वर्षं मास्तरकी केली आहे. पोराच्या तोंडाकडे बघून सांगतो गृहपाठ झाला की नाही.

यावर ती म्हणाली की कागदाले कुठं तोंड राह्यते?

बायकांना गणित शिकवू नये असं मी म्हणत नाही. पण जेवणाच्या आधी शिकवू नये.

रविवार, ९ फेब्रुवारी

जळगावहून मागवलेलं सराव-पुस्तक आलं. चांगलं मराठीत आहे. चाळीस प्रश्न निव्वळ अंदाजानं सोडवले, अंदाजाची धार पाहावी म्हणून. नऊ बरोबर, एकतीस चूक.

पुस्तकाच्या मागे छापलेली उत्तरं विश्वासार्ह नाहीत.

भरीत आणि कळण्याची भाकरी होती. दुपारी अभ्यास जमला नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शोध लागला!

पुस्तकातली उत्तरं पुन्हा चाळत होतो. अ, ब, क, ड अशी चार उत्तरं असतात. बरोबर उत्तर सगळ्यांत जास्त वेळा कुठे आहे? तिसऱ्या जागी. क! कारण उघड आहे. पेपर काढणारा आपल्यासारखाच मास्तर. बरोबर उत्तर पहिल्यांदा दिलं तर पोरं पुढचं वाचत नाहीत, म्हणून तो ते पहिलं ठेवणार नाही. शेवटी ठेवलं तर उघडं पडल्यासारखं वाटतं. दुसरं ठेवायला जातो, पण मनाचं समाधान होत नाही. मग तिसऱ्या जागी दडवतो. मीही पोरांना कोडी घालताना असंच करतो.

सिद्धान्त: माहीत नसेल तेव्हा ‘क’.

आता अभ्यासाची तशी गरज राहिली नाही, पण थोडा करीन.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सुधाकरला सिद्धान्त सांगितला. मन मोठं ठेवलं. त्यानं वहीत लिहून घेतला. मग विचारलं, गुरुजी, पण खरंच माहीत नसलं तर? मी म्हटलं, अरे, त्यासाठीच तर आहे! तो म्हणाला, हो, पण खरंच माहीत नसलं तर?

या माणसाशी कसं बोलावं?

गुरुवार, ६ मार्च

होळीच्या दिवसांत अभ्यास अशक्य. कानात रंग गेला आहे.

शनिवार, १५ मार्च

रजनीनं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की मी कायम होणार. आज नळावर बायका तिला हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. घरी आल्यावर तिनं ते दोनदा सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगताना मध्येच थांबून म्हणाली की पास होसान ना? तिच्या तोंडी ‘होसान’ आलं की ती खरंच घाबरलेली असते.

बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. संध्याकाळी पुस्तक उघडलं. विज्ञान वाचलं. पचनसंस्थेपर्यंत पोचलो.

शनिवार, २२ मार्च

उद्या परीक्षा. पेनात शाई भरली. मन शांत आहे. फक्त शाई पुन्हा दोनदा भरून पाहिली.

रविवार, २३ मार्च

संध्याकाळ, खंडवा स्टेशन. गाडीला अवकाश आहे, लिहून काढतो.

झकास झाली.

हॉलमध्ये दोनशेच्या वर मास्तर होते. रीवाकडचे, ग्वाल्हेरकडचे, छत्तीसगढकडचे, सगळ्या तऱ्हेच्या टोप्या. पेपर हिंदीत. वर ठळक अक्षरांत सूचना होती की ‘अनुमान से उत्तर न दें’. सगळ्यांची तोंडं उतरली. मी मात्र शांतपणे विचार केला. अनुमान म्हणजे काय? धूर दिसला की अग्नी आहे असं ठरवणं, याला अनुमान म्हणतात. संस्कृतच्या तासाला शिकलो होतो. मला ज्या प्रश्नांत अग्नी सोडाच, धूरही दिसत नव्हता, तिथे अनुमानाचा संबंधच येत नाही. तिथे मी नुसता क मारत होतो. सूचना माझ्यासारख्यांना लागू नाही.

छेचाळीस प्रश्न मला नक्की येत होते. राहिले चौपन्न. राज्यात कोणत्या नदीवर काय बांधणार, नव्या खात्यात कोण कोणाला कागद पाठवणार, असले. त्या चौपन्नही प्रश्नांना मी क च्या चौकोनात खूण केली. एकसारखी, सुंदर. शेवटी पान धरून पाहिलं, एकही जागा कोरी नाही. पर्यवेक्षकसुद्धा माझ्या पानाकडे पाहत उभा राहिला.

सुधाकर पुढच्या बाकावर होता. निम्मा वेळ पेन हवेत. बाहेर आल्यावर म्हणाला की पंचावन्न सोडवले, पंचेचाळीस कोरे ठेवले. गुरुजी, तिथं हातच चालला नाही, म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. मला त्याची कणव आली. चहा पाजला, वर समोसाही घेऊन दिला. त्याला सांगितलं की काळजी करू नको, माझ्या हाताखाली तुला काही त्रास होणार नाही.

सोमवार, २४ मार्च

काल गाडीतली गोष्ट लिहायची राहिली. मुद्दाम नव्हे, राहिली.

नेपानगरला गिरणीतली माणसं चढली. गर्दीत सुधाकर माझ्या अगदी कानाशी आला. म्हणाला, गुरुजी, तुम्ही तिसरं उत्तर म्हणत होते ना? म्हटलं, हो, क. तो म्हणाला, पण हा तं हिंदी पेपर. याच्यात अ ब क ड नव्हतं. क ख ग घ होतं. याच्यात क म्हणजे पहिलं.

असीरगड येईपर्यंत मी खिडकीबाहेर डोकं काढून बसलो. किल्ल्याकडे पाहत होतो.

रात्री झोप नीट लागली नाही, गाडीतल्या दगदगीमुळे.

मंगळवार, २५ मार्च

सकाळी डोकं ताजं असतं. विचार केला. पहिलं उत्तर काय वाईट आहे? माणूस प्रश्न लिहितो तेव्हा त्याला पहिल्यांदा काय सुचतं? बरोबर उत्तर! तेच तो आधी लिहून टाकणार. बाकीची तीन खोटी उत्तरं सुचायला वेळ लागतो. म्हणजे क म्हणजे पहिलं असलं, तर ते आणखीनच बरं.

११ फेब्रुवारीला मी याच्या उलट लिहिलं आहे. ते पान वाचलं नाही. गरज नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आता निकालाचा हिशेब. धरून चालू, माहीत असलेले छेचाळीस. क मधले निम्मे, सत्तावीस. एकूण त्र्याहत्तर. चुकीचे सत्तावीस, त्याचे नऊ वजा. चौसष्ट. फर्स्ट क्लास.

सोमवार, ५ मे

क मधले तिसरा हिस्सा धरू. अठरा. चौसष्ट बरोबर, छत्तीस चूक, बारा वजा. बावन्न. चांगला पास.

शाळेच्या दारावरच्या पाटीवरून ‘प्रभारी’ खरवडून घेतलं. सुट्टीत कोणी पाहत नाही. रंगारी म्हणाला, नाव बी लिहून टाकू का? म्हटलं, नाव निकाल लागल्यावर. नुसतं ‘हेडमास्तर’ राहू दे. फार शोभतं.

रविवार, २५ मे

ऊन भयंकर. चौथा हिस्सा धरला तरी छेचाळीस राहतातच. हा रजनीचा हिशेब झाला, पण या वेळी तो मला मान्य आहे.

गुरुवार, १२ जून

निकाल.

सुधाकर: बरोबर छेचाळीस, चूक नऊ. त्रेचाळीस मार्क. पास.

मी: बरोबर एकोणपन्नास, चूक एक्कावन्न. बत्तीस मार्क.

पुन्हा पुन्हा वाचलं. माझी बरोबर उत्तरं सुधाकरपेक्षा तीन जास्त आहेत. हे स्पष्ट दिसत असताना मी नापास कसा? कुठेतरी ढोबळ चूक आहे. उद्याच्या उद्या इन्स्पेक्टरसाहेबांना भेटणार.

रजनीला अजून सांगितलं नाही. ती नळावर गेली आहे.

शनिवार, १४ जून

इन्स्पेक्टरसाहेब ग्वाल्हेरकडचे. नवेच आले आहेत. बोलायला फार गोड. बसवलं, पाणी दिलं. मी मुद्दा मांडला की ज्याला एकोणपन्नास उत्तरं येतात तो खाली, आणि ज्याला छेचाळीस येतात तो वर, हे कोणत्या शास्त्रात बसतं? त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. म्हणाले, मास्टर साहब, सही आपके ज़्यादा हैं, बिल्कुल ज़्यादा हैं। पर ग़लत भी तो आप ही के ज़्यादा हैं.

मग त्यांनी विचारलं की जे येत नव्हतं ते सोडून का नाही दिलं? सूचना तर वरच छापली होती.

मी धूर आणि अग्नी सांगायला सुरुवात केली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, कुठे आग लागली.

मंगळवार, १७ जून

अनंत येऊन गेला. त्यानं माझी उत्तरपत्रिका काढून पुठ्ठा ठेवून पाहिली होती. त्यानं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण त्याला सांगायचंच होतं. क च्या चौपन्न खुणांपैकी बरोबर किती? सहा. पेपर काढणाऱ्या मास्तरांना पहिल्या जागी बरोबर उत्तर ठेवायला आवडत नाही म्हणे, पोरं पुढचं वाचत नाहीत म्हणून. आणि तिसऱ्या जागी, ग ला, त्याच चौपन्नांत एकोणीस होती.

म्हणजे सिद्धान्त बरोबर होता! मी टाळी वाजवली. रजनीला म्हटलं, ऐकलंस? ती म्हणाली, हो, सिद्धान्त पास झाला. तुम्ही राह्यले.

मग ती पोळपाटावर पीठ भुरभुरवून त्यात बोटानं आकडे काढू लागली. माहीत होते ते छेचाळीस, त्यातले लागले त्रेचाळीस, चुकले तीन. तीन चुकांचा एक वजा. बेचाळीस. म्हणजे बाकी सगळं कोरं सोडलं असतं तरी.

एवढं बोलून ती थांबली. पीठ पुसलं. चहा ठेवू का, म्हणाली.

काही न करता मी हेडमास्तर झालो असतो. पेन खाली ठेवून नुसता बसलो असतो तरी झालो असतो. अनंतसमोर मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. खूप वाईट वाटलं. गेली तीन वर्षं त्या खुर्चीवर बसताना मला रोज सकाळी आनंद व्हायचा, हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

बुधवार, १८ जून

रजनीला नळावर कोणी काही विचारलं नाही. ती म्हणते, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, १ जुलै

शाळा उघडली. सुधाकरला चार्ज दिला. पाटीवर नाव नव्हतंच, त्यामुळे त्याला काही खर्च नाही.

तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, जणू दुसऱ्याची आहे. मी आत गेलो तर उभा राहिला. मीही उभा राहिलो. मग दोघं उभेच राहिलो. त्याला मला वर्ग द्यायचा होता, पण द्यायचा कसा हे त्याला कळेना. शेवटी खाली पाहून म्हणाला की गुरुजी, चार वर्ग मोकळे आहेत. चौथी, सहावी, सातवी, अन् मालूबाई रिटायर झाल्या त्यांची पहिली. तुम्हाले कोणता पाहिजे? संध्याकाळपर्यंत सांगा, मंग बाकीच्यांले विचारतो.

दिवसभर विचार केला. सातवीत मान आहे, पण यंदा पोरांची परीक्षा हिंदीतून. सहावी म्हणजे सुधाकरची उतरलेली. चौथीवर जुन्या शिक्षिका मथुराबाईंचा डोळा आहे, त्यांच्याशी वैर परवडत नाही. पहिलीचा प्रश्नच नाही, बावीस वर्षांच्या नोकरीत मी पहिलीला हात लावलेला नाही. कोणतंही उत्तर नक्की बरोबर वाटेना.

आणि मग लक्षात आलं. माणूस चुकतो तो शिकण्यासाठीच. नक्की माहीत नसेल तर खूण करू नये. कोरं सोडलं तर काही कापलं जात नाही. हा धडा मी चांगली किंमत देऊन शिकलो आहे आणि तो वाया घालवणार नाही.

काहीही न सांगता घरी आलो. सुधाकर फाटकापर्यंत मागे आला होता, गुरुजी, गुरुजी करत. मी हसून हात हलवला. रजनीनं विचारलं, कोणता वर्ग मागितला? म्हटलं, काहीच बोललो नाही. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. बऱ्याच महिन्यांनी मला शहाणं झाल्यासारखं वाटलं. झोप छान लागली.

बुधवार, २ जुलै, सकाळी साडेअकरा

वर्गात बसून लिहितो आहे, कारण दुसरं काही करता येत नाही.

काल संध्याकाळी बाकीच्यांनी आपापले वर्ग सांगून टाकले. पहिली उरली. सुधाकर आज सकाळपासून दोनदा दारात येऊन गेला. गुरुजी, मी अंधार पडेपर्यंत वाट पाहून राह्यलो, म्हणतो, तुम्ही काहीच बोलले नाही, मले वाटलं तुम्हाले काही बी चालते. त्याची काही चूक नाही.

पहिलीत साठएक मुलं आहेत. आज त्यांचा पहिला दिवस. एक रडायला लागलं की सगळी रडतात. मालूबाई काय करायच्या ते मी कधी पाहिलं नाही. मी घसा खाकरून बोलायला लागलो तर आणखी चार जण रडले.

पुढे कोकिळा नावाची मुलगी बसली आहे. तिनं माझ्या धोतराचं टोक घट्ट धरलं आहे आणि घरी जायचं, घरी जायचं, असं चाललं आहे. मी खाली वाकून तिला सांगितलं, मला पण. ते तिला खरं वाटलं असावं, कारण ती आणखी मोठ्यानं रडायला लागली.